दाराऐवजी गुणवंतराव

नगरपालिकेची निवडणूक लागली आणि नगरसेवक गुणवंतराव ढमाले हात जोडत तांबट आळीत शिरले. आळीतल्या बायकांच्या संडासाचं दार मागच्या निवडणुकीआधीच मोडलं होतं. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर चादर धरून उभं राहायचं, अशी रीतच पडली होती.

“निवडून आलो की पहिलं काम तुमचं दार. हा माझा शब्द,” गुणवंतराव म्हणाले.

“शब्द मागच्या वेळीही दिला होतात,” शेवंताकाकू म्हणाल्या. “यंदा काहीतरी तारण ठेवा.”

“मागाल ते देतो, काकू,” गुणवंतराव ऐटीत म्हणाले.

काकूंनी कोपऱ्यावरच्या त्यांच्या हसऱ्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. “मग तो द्या. दार येईपर्यंत पडदा म्हणून लावू.”

बायका पदराआड हसू लागल्या.

“अहो, माझी अब्रू जाईल,” गुणवंतराव पुटपुटले.

“आमची रोज जाते, साहेब. तुमची दार येईपर्यंतच जाईल.”

शब्द चारचौघांत दिलेला, तेव्हा फ्लेक्स उतरला आणि संडासाला लागला. संध्याकाळच्या आत गुणवंतरावांचा सुतार नवं दार घेऊन हजर झाला, कडीसकट.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतल्या बायका काकूंकडे तो फ्लेक्स उसना मागायला आल्या.