पुडीवरचं नाव

मिरजेच्या शैलजाबाईंची छोटीशी संस्था नैरोबीच्या झोपडपट्टीतल्या मुलांना तबला शिकवायची. मुलं वीस आणि तबला एकच, तोही फाटलेला. नवे तबले मिळाले नाहीत तर वर्ग बंद पडणार होता. म्हणून बाई नाइलाजाने बापूसाहेब शिंत्र्यांच्या बंगल्यावर गेल्या. गावातल्या बाकांवर, पाणपोईवर, अगदी स्मशानाच्या फाटकावरही ज्यांचं नाव होतं, तेच हे दानशूर.

"दहा जोड्या देतो," बापूसाहेब म्हणाले, "पण प्रत्येक तबल्यावर माझं नाव हवं."

"खाली लाकडावर कोरून घेते."

"तिथं कोण बघतंय, बाई? वर, पुडीच्या कातड्यावर घाला. चांगलं ठळक."

बाईंनी शांतपणे वहीत टिपून घेतलं. "चालेल, बापूसाहेब. मुलांनाही सोपं जाईल. पहिल्याच दिवशी सांगेन, हे नाव नीट बघून ठेवा, थाप इथेच मारायची. रोज दोन तास."

बापूसाहेबांचा हात नकळत गालावर गेला. ते म्हणाले, "नाव राहू द्या. गुप्तदान समजा."

तबले नैरोबीला पोचायच्या आतच बापूसाहेबांच्या गुप्तदानाची बातमी फोटोसकट पेपरात आली.