धुरपदेचा रांजण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण ते मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तांबेगव्हाण नावाच्या गावात धुरपदा नावाची कुंभारीण राहत होती. नवरा लवकर गेला, पण तिनं चाक थांबू दिलं नाही. बाईनं चाकाला हात लावू नये म्हणणारे तिच्याच घागरीतलं पाणी मुकाट्यानं प्यायचे. तिच्या मडक्यावर टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज निघायचा, असं म्हणतात.

त्या काळी गावावरून अफूचे व्यापारी बैल घेऊन जात आणि जाता जाता थोडी अफू गावातही विकत. कोणी कंबरदुखीला गोळी घेई, कोणी रडणाऱ्या लेकराला चाटवी. दुखणं जाई आणि गोळी राही. घरंच्या घरं बसली तेव्हा गाव घाबरलं, आणि घाबरलेल्या गावानं एक रीत पाडली. जो गोळीच्या नादी लागला, त्याच्या नावानं पाटील वेशीवर मडकं फोडायचे. मडकं फुटलं की माणूस मेला. तो समोरून चालत येवो, हात जोडून बोलो, गावाच्या लेखी मेलाच. मग त्याला कोणी पाणी देत नसे आणि त्याचं नाव घेत नसे.

हे मडकं धुरपदेकडूनच जायचं. कोतवाल दारात आला की ती एक काढून द्यायची, कोणासाठी ते विचारायची नाही. न विचारण्यातच तिला बरं वाटायचं.

धुरपदेला एकुलता एक मुलगा, सुभाना. मातीच्या खाणीत दरड कोसळली आणि तो कमरेपर्यंत गाडला गेला. लोकांनी उकरून काढला, पण पाठ कामातून गेली. पहिली गोळी वैद्यानंच दिली, कळ थांबावी म्हणून. पुढच्या गोळ्या सुभानानं आपल्या आपण मिळवल्या. धुरपदेला कळत होतं हो सगळं. पण तिनं लेकाला घरात झाकून ठेवलं आणि गावाला काही पत्ता नाही असं समजून बसली.

एके सकाळी कोतवाल आला. तिचे हात चिखलात होते, तिनं मानेनंच उतरंडीकडे खूण केली. कोतवालानं मडकं उचललं, पण पाय उचलला नाही.

"धुरपदे, इचार की एकदा, कुनासाठी नेतोय."

तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं वेशीवरून मडकं फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पाटलांच्या तोंडून तिच्या लेकाचं नाव.

ती धावत गेली. सगळ्यांच्या देखत तिनं वेशीवरच्या खापऱ्या वेचून पदरात घेतल्या. मग घरी येऊन सुभानाला उठवलं आणि त्याला धरून गावाबाहेर, नदीकाठच्या जुन्या भट्टीपाशी नेलं.

जुन्या खापऱ्या कुटून नव्या मातीत मिसळल्या की भांडं आगीत तडकत नाही, हे कुंभाराच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. धुरपदेनं लेकाच्या नावाच्या खापऱ्या कुटल्या, मातीत टाकल्या, बाभळीच्या फांदीला दोर बांधला आणि तो त्याच्या हातात देऊन त्याला चिखल तुडवायला उभा केला.

"आये, येक गोळी दे, मंग तुडवतो."

"आधी तुडव."

"मरतो गं मी!"

"गावानं मारलंय तेवढं पुरं झालं. आता तू न्हाई मरायचं."

त्याला उलट्या झाल्या, हाडं कोणी पिरगाळतंय अशी कळ येई. त्यानं आईला नको नको त्या शिव्या दिल्या. ती मागून त्याच्या कमरेला धरून उभी राहिली. त्या चिखलात पाणी असं घालावंच लागलं नाही, तो सुभानाच्या घामावरच भिजला, असं म्हणतात. मग एका सकाळी तो दोर सोडून खाली बसला आणि म्हणाला, "आये, भूक लागली." तेव्हा कुठं धुरपदा रडली. त्या मातीचा तिनं पुरुषभर उंचीचा रांजण घडवला आणि भाजला.

सुभाना गावात परतला. विहिरीवर गेला तर बायकांनी पोहरे ओढून घेतले. पाटलांना रामराम केला, तर पाटील शेजारच्याला म्हणाले, "आज वारं लई सुटलंय." मडकं फोडायची रीत होती, ते सांधायची रीत कोणी पाडलीच नव्हती. सुभाना रोज जायचा आणि रोज तसाच परत यायचा. त्याला फक्त कोणीतरी नावानं बोलवायला हवं होतं.

शेवटी एकानं बोलवलं. नदीच्या उतारावर बैलांना पाणी पाजणाऱ्या अफूच्या व्यापाऱ्यानं. "सुभाना! लई दिसांनी रे. ये, बस."

सुभाना बसला. जुन्या मापाची गोळी आता त्याच्या अंगाला झेपणारी नव्हती. मडकं फुटलं होतं त्याच जागी तो वेशीवर सापडला. धुरपदा लाकडं मागायला गेली तेव्हा पाटील म्हणाले, "तो तर मागंच मेला. येका मान्साला दोनदा लाकडं कशी द्यायची?" तिनं एकटीनं भट्टीच्या सरपणावर लेकाला जाळलं.

त्या उन्हाळ्यात गावातली मडकी तडकू लागली. रांधणीतली, देव्हाऱ्यातली, पाटलांच्या माजघरातली. तांब्यापितळेतही पाणी ठरेना, असं म्हणतात. विहिरी आटल्या. लेकाच्या मागं धुरपदेनं भट्टीवरून वेशीवर आणून ठेवलेला तो रांजण मात्र काठोकाठ भरलेला होता. गाव ओंजळी घेऊन आलं.

"पानी सगळ्यांना हाय," ती म्हणाली. "आधी माझ्या लेकाला हाक मारा. त्याला पानी घे म्हना."

बायकांनी मान खाली घालून म्हटलं. पाटील सगळ्यांत मागं उभे होते. ऊन कलेपर्यंत ते तसेच राहिले, मग पुढं आले आणि कोरड्या घशानं ओरडले, "सुभाना, पानी घे रे!"

सगळं गाव कान देऊन थांबलं. कोणी म्हणतात रांजणाच्या पोटातून 'ओ' आली. कोणी म्हणतात तो वारा होता. धुरपदेनं काही ऐकलं नाही. तिनं पाटलांच्या ओंजळीत पाणी घातलं आणि ती दुसरीकडं बघत राहिली.

त्यानंतर तिनं मडकं फोडायला कधीच दिलं नाही. ज्यांची आधी फुटली होती, ते तिच्या भट्टीपाशी दोर धरून उभे राहिले. काही सुटले, काही मेले, काही पुन्हा गोळीकडं गेले आणि पुन्हा आले. परत आलेल्याला तिनं कधी हाकललं नाही.

तांबेगव्हाणच्या वेशीवर आजही रांजण आहे. फुटला तर त्याच्याच खापऱ्या कुटून नवा करतात. तालुक्याच्या दवाखान्यातून कोणी दारू सोडून, गोळ्या सोडून गावात येतो, तेव्हा आधी सुभानाच्या नावानं पाणी ओततात आणि गाव क्षणभर कान देतं. मग सगळ्यांत वयस्कर माणूस आलेल्याला नावानं हाक मारतो. तो दुसऱ्यांदा आला असो की पाचव्यांदा, हाक तशीच मोठ्यानं मारतात. त्यानं 'ओ' दिली की त्याला पाणी देतात, आणि त्याच तांब्यानं मग सगळं गाव पितं.