कासवीने फोडायला लावलेला मोती

समुद्राला लागून एक रान होते. तिथे खाडीच्या तोंडाशी, वाळूत, एक कासवी राहत असे. तिच्याजवळ मोत्यांची एक माळ होती. मुलांनो, मोती म्हणजे खाणीतून काढलेला दगड नव्हे. शिंपल्यातल्या जिवाच्या अंगात काहीतरी बारीक खुपते आणि त्याला ते बाहेर टाकता येत नाही. मग तो त्यावर आपल्या अंगातल्या रसाचा पातळ थर चढवतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि असा वर्षानुवर्षे मोती घडत जातो. लाटांबरोबर वाहत आलेल्या मेलेल्या शिंपल्यांतून कासवीने तरुणपणापासून असे मोती वेचले होते. दोन मोती एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एकेक गाठ मारून तिने ते रेशमाच्या धाग्यात ओवले होते. रानात कुणाचे लग्न निघाले की ती आपणहून माळ नवरीसाठी देई. त्याबद्दल तिने कधी कुणाकडून काही घेतले नाही.

एकदा वानरीच्या मुलीचे लग्न ठरले. वानरी माळ न्यायला आली तेव्हा कासवी म्हणाली, "उटणं, अत्तर सगळं लावून झालं की शेवटी लेकीच्या गळ्यात माळ घाल आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढ. मऊ, ओलसर पानाने पुसून सावलीत ठेव. मोती फार नाजूक असतो गं. त्याला आंबट आणि ऊन सोसत नाही."

"कळतं मला, मी काय लहान आहे?" वानरी म्हणाली. तिचे सगळे लक्ष माळेकडे होते.

लग्न थाटात झाले. मुलगी सासरी गेली, पण वानरीला माळ परत करवेना. ती स्वतःच ती घालून मिरवू लागली. झाडावर बसून कैऱ्या खाई, त्यांचा रस गळ्यावर ओघळे, भर उन्हात घाम येई, तरी माळ गळ्यातच. शेवटी माळ चिकट झाली. घरातल्या करवंट्या ती चिंचेने आणि वाळूने घाशी, तशीच तिने माळही खसाखसा घासली आणि तापलेल्या कातळावर वाळत टाकली. संध्याकाळी पाहते तो मोती खडूसारखे निस्तेज झालेले. पण कासवीकडे जाऊन चूक कबूल करण्याऐवजी तिने सकाळी साऱ्या प्राण्यांना उंबराखाली गोळा केले आणि कासवीलाही बोलावून घेतले.

"ही माळ बघा," वानरी म्हणाली. "हिने माझ्या लेकीच्या गळ्यात खोटे मोती घातले. खरे असते तर धुतल्यावर असे झाले असते का?"

"म्हणजे माझ्या सुनेलाही खोटेच घातले होते म्हणायचे," बगळी म्हणाली. मुंगूस म्हणाले, "फुकट देते तेव्हाच मला शंका आली होती." रानाचा प्रमुख सांबर गंभीरपणे म्हणाला, "कासवी, तू आम्हाला फसवलंस. वानरीची माफी माग."

ज्यांच्या लेकीसुना ही माळ घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या होत्या, तेच तिच्याकडे चोराकडे बघावे तसे बघत होते. तिने माळेतला सगळ्यात टपोरा मोती सोडवला आणि शेजारच्या खेकड्यापुढे ठेवला. "फोड हा."

"अगं, फुटला की गेला," खेकडा म्हणाला.

"माहीत आहे मला. फोड."

खेकड्याने नांगीत धरून मोती फोडला. बाहेरून तो निस्तेज होता, पण आत थरावर थर होते आणि प्रत्येक थर चकाकत होता. खोट्या मण्याला चमक वरूनच चोपडलेली असते, आत नुसता दगड निघतो. खेकड्याने वानरीला विचारले, "माळ धुतलीस म्हणालीस. कशाने धुतलीस?"

वानरी खाली बघत म्हणाली, "चिंचेने."

सांबर घसा साफ करत म्हणाला, "बरं, झालं ते झालं. कासवी, आता तू ही माळ पुन्हा चमकव. येत्या पौर्णिमेला माझ्या नातीचं लग्न आहे."

"आंबटाने खाल्लेला थर परत येत नाही," कासवी म्हणाली. "आणि हिने एकटीनेच माझं नुकसान केलं असं समजू नका. ही खोटं बोलली, पण ते खरं तुम्ही मानलंत. माळेचं काय झालं, एवढंही तुमच्यातल्या एकाने मला विचारलं नाही. माझ्या शब्दाला किंमत नव्हती म्हणून मला मोती फोडावा लागला."

तिने माळ उचलली आणि ती पाण्यात शिरली. सांबराने मागून दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिले नाही.

त्यानंतर रानात पुष्कळ लग्ने झाली. नवऱ्या रानफुलांचे हार घालून उभ्या राहिल्या. माळ गेली म्हणून सगळे वानरीला दोष देत. त्या दिवशी उंबराखाली आपण काय बोललो होतो, तो विषय मात्र कुणी काढत नसे.

तात्पर्य : दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून बिघडली तर तसे सांगावे, देणाऱ्याला खोटे ठरवू नये; आणि चौकशी न करता अशा आरोपाला मान डोलावणाराही निर्दोष नसतो.