ठकाईचं जाजम

फार जुनी गोष्ट. हिवरटेकाला तेव्हा गाडीवाट नव्हती आणि टेकावरच्या बिरोबाच्या देवळाला छप्पर नव्हतं. माळावर गवत कमी आणि दगड जास्त, पण मेंढराला तेवढं पुरतं. गावात मेंढरं सातशे आणि माणसं त्याहून कमी, असं म्हणतात. माणसं मोजायला कुणी आलं नव्हतं, मेंढरं मात्र रोज मोजली जायची.

त्या गावात ठकाई नावाची सनगरीण राहायची. सनगर म्हणजे घोंगडी विणणारे. सगळीकडे पुरुष मागावर बसतात आणि बायका लोकर पिंजून सूत काततात. ठकाईचा नवरा लवकर गेला, माग तसाच राहिला, तेव्हा ही बाई पदर खोचून मागाच्या खड्ड्यात उतरली आणि पुढं पन्नास वर्षं वर आलीच नाही म्हणा ना! जेवायला वर यायची तेवढीच.

तिची घोंगडी कशी होती ते ऐका. पावसात डोक्यावर घेतली तर आत टिपूस नाही. बाळंतिणीखाली अंथरली तर कंबर धरायची नाही. विणून झालं की ती चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्याची खळ शिजवायची, कुंच्यानं ती घोंगड्याला चोळायची आणि उन्हात ताणून वाळवायची. बाकीचे एक हात देत, ठकाई तीन हात द्यायची. खळ लावलेलं घोंगडं फळीसारखं ताठ व्हायचं आणि वापरता वापरता मऊ पडायचं. विंचू तिच्या घोंगड्यावर चढत नसे, असं म्हणतात. मला हे पटतं. विंचवालाही कळत असणार कुठं जायचं नाही ते.

आता तिची चूक सांगतो. आमच्या गावात काही जण म्हणतात, थोरांची चूक सांगू नये. मला उलट वाटतं. चूक वगळली तर ठकाई नुसती चांगली विणकरीण उरते, आणि तशा पुष्कळ होऊन गेल्या.

चूक अशी झाली. हिवरटेकात थंडीच्या दिवसांत निम्मीच मेंढरं भादरायचा रिवाज होता. निम्म्यांची लोकर काढायची, निम्म्यांच्या अंगावर ठेवायची आणि पहिल्यांची लोकर बोटभर वाढली की मग उरलेल्यांना हात लावायचा. गारठा पडला तर लोकरवाली मेंढरं कडेला उभी राहतात आणि भादरलेली मध्ये घुसतात, म्हणून कळप निभावतो. हे बारक्या पोरालाही माहीत होतं.

पण त्या वर्षी ठकाईच्या मनानं घेतलं, की माघी पौर्णिमेच्या जत्रेला बिरोबाला जाजम द्यायचं. साधंसुधं नाही. देवळाच्या अख्ख्या फरशीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंथरेल असं लोकरीचं जाजम, काळंभोर, कुठंही रंग फिका-गडद नाही. आता लोकरीचं कसं असतं, आज कापलेली एका काळ्या छटेची आणि दोन महिन्यांनी कापलेली दुसऱ्याच काळ्या छटेची. उन्हानं टोकं तांबूस होतात. ठकाईच्या डोळ्याला तेवढा फरकही खुपायचा. सगळी लोकर एकाच दिवशी कापलेली हवी, असं तिनं ठरवलं.

ती धुळाप्पाकडे गेली. धुळाप्पा म्हणजे गावातल्या मेंढक्यांचा म्हेत्रे, त्यांचा म्होरक्या, त्याच्या शब्दाबाहेर मेंढरू पाणी पीत नसे.

"धुळाप्पा, औंदा समदी मेंढरं एकदम भादरा."

"आक्का, थंडी हाय आजून."

"सरत आलीया की. आन् माजं जाजम व्हायला एकवीस दीस लागत्यात. तवर लोकर परत येतीया."

धुळाप्पानं टोपी काढली, डोकं खाजवलं. दुसरं कुणी असतं तर त्यानं हाकलून दिलं असतं. पण त्याच्या सात पोरांच्या पाठीखाली ठकाईचीच घोंगडी होती. शिवाय काम देवाचं. त्यानं हो म्हटलं. तळ्यावर मेंढरं धुतली आणि एका दिवसात सातशेच्या सातशे भादरली. संध्याकाळी माळावर उघडीवाघडी, गुलाबी अंगाची मेंढरं उभी होती आणि माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती.

मग मागाचा खटका सुरू झाला तो एकवीस दिवस थांबला नाही, असं म्हणतात. गावातल्या बायका पिंजत होत्या, म्हाताऱ्या कातत होत्या आणि ठकाई विणत होती. मागावरून हातभर रुंदीचे लांबच लांब पट्टे उतरत होते. ते कडेला कड लावून तिनं स्वतः शिवले, असे की शिवण शोधायला बोटं फिरवावी लागत. मग खळ. अख्ख्या गावानं घरातले चिंचोके आणून दिले, पोरींनी खेळायचेसुद्धा दिले. तीन हात खळ देऊन जाजम माळावर वाळत घातलं, तेव्हा लांबून येणाऱ्यांना वाटलं, हिवरटेकात नवं शेत नांगरलंय.

ठकाई त्याच्या चारी बाजूंनी फिरली. कुठंही फिका डाग नव्हता. त्या दिवशी ती स्वतःशी हसली आणि पोटभर जेवली.

पौर्णिमा आली. जत्रेला सगळे कळप देवळापुढच्या माळावर आणून उभे करायचे, देवाचा भंडारा त्यांच्यावर उधळायचा, ही रीत. मेंढरं उभी राहिली. साठ-सत्तर माणसांनी जाजम खांद्यावर घेतलं, ढोल वाजू लागले आणि मिरवणूक टेकाच्या पायरीपाशी पोचली. भर दुपार होती. तेवढ्यात उत्तरेकडून काळा ढग आला, वारा सुटला आणि गारा पडू लागल्या.

गारा म्हणजे बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. माणसांनी खांद्यावरचं जाजम उलगडून डोक्यावर घेतलं आणि सगळं गाव त्याच्याखाली शिरलं. वर गारांचा तडतडाट आणि आत थेंब नाही! खळीवरून पाणी नुसतं घसरून जात होतं. आत ऊब होती. माणसं ठकाईच्या नावानं जयजयकार करू लागली.

ठकाईनं मात्र जाजमाची कड उचलून बाहेर बघितलं. माळावर सातशे मेंढरं उघड्या अंगानं गारा खात होती. कडेला उभी राहायला लोकरवालं एकही मेंढरू नव्हतं. सगळीच मध्ये घुसू बघत होती आणि मध्ये जागा नव्हती. वारा असा, की माणसाचा जबडा आवळला जावा. एक मेंढी गुडघे मोडून खाली बसली. भिजलेलं मेंढरू गारठ्यात बसलं की परत उठत नाही. मग दुसरी बसली.

हे माझ्यामुळं, असं तिला लख्ख कळलं. कुणी बोट दाखवायच्या आत कळलं.

"धुळाप्पा," ती म्हणाली, "कातरी काढा."

मेंढक्यांच्या कमरेला कातर असतेच. पण धुळाप्पा जागचा हलेना. विणलेल्या कापडाला मागावरून उतरताना एकदाच कातर लागायची. त्यानंतर घोंगड्याला कातर लावणं म्हणजे आमच्याकडे अभद्र. फाटलं तर सांधायचं, पण कापायचं नाही. आणि हे तर देवाचं.

"आक्का, देवाचं हाय त्ये!"

"देवाचं व्हायचंय आजून. पायरी कुटं चढलंय?"

"पाप लागंल."

"लागू दे. माज्या नावावर लागू दे. मेंढरं मेली तर बिरोबा कुनाचा देव ऱ्हानार हाय? दगडांचा?"

ठकाईनं धुळाप्पाच्या कमरेची कातर ओढून घेतली आणि एकवीस दिवसांच्या त्या कामात, बरोबर मधोमध, पहिला काप घातला. तेव्हा तिच्या तोंडून हुंदका फुटला, असं म्हणतात. फुटणारच हो. आपल्या हातानं विणलेलं कापणं सोपं नसतं.

एकदा काप पडला, मग सगळ्यांचे हात सुटले. ठकाई अंदाजानं तुकडा कापायची, मधोमध चीर द्यायची, माणसं तो मेंढराच्या मुंडीतून घालून पाठीवर पसरायची आणि पोटाखालून बांधायची. बांधायला काय? बाप्यांनी फेटे फाडले. बायकांनी पदर फाडले. जे मेंढरू बसलं होतं त्याला चौघांनी उचलून उभं केलं. माणसांच्या डोक्यावरचा आडोसा तुकड्यातुकड्यानं कमी होत होता आणि गारा आता त्यांच्या पाठीवर पडत होत्या. कुणी तक्रार केली नाही. एकानं केली म्हणतात, त्याचं नाव गावानं विसरून टाकलंय.

आता कुणी विचारेल, एका जाजमात सातशे मेंढरं कशी झाकली? पुजाऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं, तीनशेला पुरंल, फार तर चारशेला. पण चारशे झाली तरी जाजम संपलं नाही. पाचशे झाली. सहाशे झाली. ठकाई कापत गेली आणि कातरीपुढं लोकर येतच गेली, असं म्हणतात. मोजायला तिथं तुम्ही नव्हता, मीही नव्हतो. पण बिरोबा होता, आणि त्याला आपली मेंढरं ठाऊक असणार.

शेवटी एक कोकरू उरलं आणि हातात तुकडा उरला नाही. ठकाईनं आपल्या खांद्यावरचं जुनं घोंगडं काढलं, कोकराला गुंडाळलं आणि ते पोटाशी धरून कळपात शिरली. मग त्या वाऱ्यात आणि गारांत ती कुणाला दिसेनाशी झाली.

वारा रात्रभर घोंघावत राहिला आणि माणसं टेकाच्या आडोशाला दाटून बसली. तो पडला तेव्हा उजाडत होतं. माणसं हाका मारत माळावर आली. म्हातारी गारठून गेली असणार, असंच सगळे धरून चालले होते. धुळाप्पा तर रडत होता. कळपाच्या अगदी मधोमध मेंढरांची अशी दाटी होती की बोट शिरणार नाही, आणि तिथून वाफ वर येत होती. धुळाप्पानं मेंढरं बाजूला केली. आत ठकाई बसली होती, कोकरू मांडीवर, चारी बाजूंनी काळे तुकडे पांघरलेली मेंढरं तिला चिकटून. तिला घाम आला होता, असं म्हणतात.

"सरका वाईच," ती म्हणाली, "पाय आखडला माजा."

एकही मेंढरू दगावलं नाही, असं सगळे सांगतात. माझे चुलते मात्र वेगळं सांगायचे. ते म्हणायचे, अकरा दगावली. पहिल्या गारांतच बसली ती. आणि ठकाईला ती अकराच्या अकरा ठाऊक होती, कुठली कानफाटी, कुठली बांडी, कुठली गाभण. पुढं जन्मभर मागावर बसताना ती आधी त्यांची नावं घ्यायची आणि मग धोटा टाकायची. सहाशे एकोणनव्वद वाचवल्याचं तिनं कधी तोंडानं काढलं नाही. मला चुलत्यांचंच खरं वाटतं, आणि त्यामुळं ठकाई मला आणखी मोठी वाटते.

धुळाप्पा एकदा म्हणाला, आक्का, पुढच्या साली दुसरं जाजम करू, निम्म्या निम्म्या लोकरीचं. रंग वेगळा आला तर येऊ दे. ठकाईनं मान हलवली.

"देवाला खाली बसू द्या," ती म्हणाली, "मेंढरांच्या अंगावर हाय तेवढं त्येला पुरं."

म्हणून टेकावरच्या बिरोबापुढं आजही काही अंथरत नाहीत. पुण्याच्या एका शेठनं गालिचा पाठवला होता, तो तसाच परत गेला. जत्रेला कितीही मोठा माणूस येवो, उघड्या फरशीवर बसतो.

आणि त्या दिवसापासून ठकाईनं एक नवंच सुरू केलं. घोंगडं पुरं झालं, खळ वाळली, काठ शिवून झाला, की ती ते गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आधी मेंढवाड्यात न्यायची. कळपातलं सगळ्यात हडकुळं मेंढरू शोधायची, त्याच्या पाठीवर घोंगडं टाकायची आणि त्याच्या अंगाची ऊब हाताला लागेपर्यंत शेजारी उभी राहायची. मग घडी घालून ज्याचं त्याला द्यायची. लोक आधी नाकं मुरडायचे, नव्या घोंगड्याला वास येतो म्हणायचे. ती म्हणायची, येतोय तर येऊ दे, ज्याचं हाय त्याचाच वास हाय.

ती फार म्हातारी होऊन गेली. ती गेली तेव्हा हिवरटेकाची मेंढरं तीन दिवस चरली नाहीत, असं म्हणतात.

आता गावात माग चारच उरलेत आणि कळप तीन. घोंगड्याची मागणी फोनवर येते, पोरं फोटो काढून पाठवतात, गिऱ्हाईक घाई करतं. तरी एकही घोंगडं सरळ गाडीत चढत नाही. जाड घोंगडं असो, लग्नातलं असो, की कोकराच्या पहिल्या जावळाचं, तान्ह्या बाळासाठी केलेलं असो, ज्यानं विणलं तो ते खांद्यावर टाकून मेंढवाड्याकडे जातो. कधी म्हातारा असतो, कधी कॉलेजात जाणारी पोरगी. कवाडापाशी उभं राहायचं आणि कडी वाजवायची. आतून मेंढक्या विचारतो, "कोन आलंय?"

बाहेरचं माणूस आपलं नाव सांगत नाही.

"ठकाई आलीया," असं म्हणतं.

मग कवाड उघडतं.