जुन्या डबड्याला हार

"सगळंच कामाचं? मग जुन्यावर सोडायचं काय, माझं डोकं?" चेअरमन आबासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि चहा घेऊन आलेल्या बायडाच्या ट्रेमधले कप नाचले.

करंजमाळ दूध संघाचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. उन्हाळ्यात तापायचा, पावसाळ्यात रुसायचा. बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच हात वर केले होते. नव्या सिस्टीमचा विक्रेता दारात ठाण मांडून बसला होता, "आठवडाभर नमुन्याला फुकट वापरून बघा," म्हणत होता. पण जुन्यावर पोतंभर प्रोग्राम चालायचे. दुधाचं माप, पगार, पशुखाद्य, टँकर, वळूंची वंशावळ. झालंच तर आबासाहेबांना केबिनमध्ये बसून सगळा संघ दाखवणारा एक खास प्रोग्राम. सगळेच नव्यावर हलवायचे तर संघ विकावा लागला असता. थोडेच हलवायचे, तर कुठले?

"पशुखाद्याचा मी रोज उघडतो," संचालक जगदाळे म्हणाले.

"टँकरचा मी घडीघडीला!" दुसरे संचालक तावरे म्हणाले.

"आणि शेळीच्या दुधाचा?" आबासाहेबांनी विचारलं.

कोणी तोंड उघडलं नाही.

"मग तो मेला! टेकवाडीचं दूध घेणं बंद!" चेअरमन म्हणजे तालुक्याचा राजाच. बोलला की झालं!

बायडा टेकवाडीची. तिच्या वाडीत शेळीशिवाय दुसरं दुभतं जनावर नाही. त्या दुधावरच चुली पेटत. तिनं किटली खाली ठेवली.

"आबासाहेब, बोलत नाही ते मेलं म्हणायचं, तर मग कोपऱ्यातला रेडिओ सगळ्यात जित्ता म्हणा की!"

आबासाहेबांच्या मिशा थरथरल्या.

"लई शहाणी! मग तूच सांग, कुठलं जितं आणि कुठलं मेलेलं. जुनं मिनिटभरही बंद करायचं नाही. 'तुमचं कामाचं का' असं कुणाला विचारायचं नाही, सगळे थापाडे आहेत. माझ्याकडं दमडी मागायची नाही. सोमवारी उत्तर दे, नाहीतर टेकवाडीच्या कॅनला कायमचं झाकण!"

जगदाळे खदखदले. "बायडे, आधी चहात साखर तरी नीट घालायला शीक!"

"घालते की साहेब. तुमचं तोंड गोड करायचंच हाय."

बायडा तडक कॉम्प्युटरवाल्या गिरमेकडं गेली. त्यानं कपाळाला हात लावला. "मी काय करायचं गं?"

"काय करायचं नाही. हातबी लावू नका. नुसतं तोंडाला कुलूप!"

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाची माणसं आली आणि बघत राहिली. कॉम्प्युटरच्या खोलीला झेंडूचं तोरण. आत धुऊन पुसून लख्ख! खोक्याला हळदकुंकू, गळ्यात हार. बायडानं खाडकन नारळ फोडला आणि पेढ्यांचं ताट घेऊन संघभर फिरली.

"नवं आलं वाटतं?" आबासाहेबांनी विचारलं.

"पेढा घ्या साहेब!"

विक्रेता दारात बसलेला सगळ्यांनी पाहिलाच होता. मग काय, दुपारपर्यंत 'नवं आलं' असं गावभर झालं!

"आहाहा!" जगदाळे पेढा चघळत म्हणाले. "जुनं म्हणजे बैलगाडी, हे विमान! सकाळीच उघडलं मी. बटण दाबायच्या आत पान हजर!"

"कसलं विमान?" तावरे चिडले. "सगळी बटणं इकडची तिकडं केलीत. माझे डोळे दुखायला लागले. आपलं जुनंच बरं होतं."

खुद्द आबासाहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आता सगळा संघ रंगीत दिसतोय, रंगीत!"

तेवढ्यात मापवाला ढोले तणतणत आला. "बायडे, कुणाला बनवतीस गं? तेच डबडं हाय! आजबी अर्ध्यात अडकलं. थपडा मारल्या तवा हाललं!" त्याच्यामागं पगाराची कारकून बाई, तिचंही तेच गाऱ्हाणं. आणि टेकवाडीच्या केंद्रावर दूध मापून घेणाऱ्या हौसाक्कांचा फोन! "अगं ए सटवे, नवं आलं म्हणून पेढं वाटतीस? मेलं आजबी शेळीला म्हैसच लिवतंय! रोज खोडून खोडून माझी बोटं झिजली!"

बायडानं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि गालात हसली.

सोमवारी आबासाहेब म्हणाले, "दे उत्तर!"

"ज्यांनी मला शिव्या घातल्या, त्यांचं तेवढं न्या साहेब. माप, पगार आणि शेळी. ज्यांनी वाहवा केली त्यांचं राहू द्या हितंच. डोळं दुखलेल्यांचंबी."

"का?"

"नवं काय आलंच नाही! जुनंच हाय ते, हार घातलेलं. जे रोज त्याच्याशी झगडतात त्यांनी पहिल्या झटक्यात वळखलं. बाकीच्यांनी उघडलंच नाही, तर वळखणार कसं?"

जगदाळे ताडकन उठले. "खोटारडी! नवं आलं म्हणून सांगितलंस!"

"कवा सांगितलं? मी नारळ फोडला. दसऱ्याला तुमी तुमच्या फटफटीला हार घालता, तवा ती काय नवी हुती व्हय?"

जगदाळे मटकन बसले. तावरे उगाच डोळे चोळू लागले.

"बंद केलं नाही, विचारलं नाही..." आबासाहेब मिशीला पीळ देत पुटपुटले. "आणि खर्च?"

"नारळ मारुतीपुढचा. पेढं संघाचंच, त्यातलं निम्मं तुमीच खाल्लं."

"बरं, जगदाळ्यांचं मेलं, तावऱ्यांचं मेलं. आणखी कुणाचं? बेधडक सांग!"

बायडानं पदर सावरला. "एक राहिलंय. कोणतरी फोनवर म्हणत हुतं, सगळा संघ रंगीत दिसतोय म्हणून."

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला, गाल फुगले, आणि मग असं हसू फुटलं की खुर्ची करकरली. डोळ्यांतून पाणी आलं.

"गिरमे! सगळ्यात आधी शेळी हलवा, आणि तिला म्हैस म्हणणं थांबवा! माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा उचला आणि हौसाक्काला नेऊन द्या. टेकवाडीचं दूध चालू. आणि बायडे, आजपासून प्रत्येक बैठकीत तू इथं बसायचं, माझ्या शेजारी."

"मग चहा कोण आणंल?"

"जगदाळे!"

बायडा खुर्चीत ऐसपैस बसली. "जगदाळेसाहेब, साखर नीट घाला बरं का!"