श्रींची ना-हरकत

दुकानाची परवानगी हातात पडेपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असा नेम वसुधाताई धामणकरांनी एकदा धरला होता. यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. त्यांना एकटं टाकून बाजारात बसणं जमेना, म्हणून घराच्या रस्त्याकडच्या खोलीलाच शटर लावून फुलवाती विकायच्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण नगरपालिकेतले काळसेकर साहेब दर खेपेला नवी ना-हरकत मागत. डाव्या शेजाऱ्याची झाली, उजव्याची झाली, अग्निशमनवाल्यांचीही झाली. पाचव्या खेपेला साहेब हसत म्हणाले, "बाई, तुमच्या दारासमोर गणपतीचं देऊळ आहे. आता खुद्द श्रींची ना-हरकत आणा!"

सगळी कचेरी खिदळली. वसुधाताईंच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, पण आवाज मऊच राहिला. "ती तर केव्हाच आलीय, साहेब. फाइल उघडून बघा ना."

साहेबांनी फाइल उघडली. पानापानावर त्यांनी स्वतःच, हाताच्या सवयीनं, माथ्याला 'श्री' काढून मग खाली शेरा लिहिला होता.

"अक्षर तुमचंच ना? श्रींची हरकत असती, तर त्यांनी तिथंच तुमचा हात धरला असता. वरची सही झालीय, दादा. खालची तेवढी तुमची राहिलीय."

साहेब ओशाळून हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सही करता करता म्हणाले, "ताई, आमच्या आईला रोज वाती लागतात. पहिलं गिऱ्हाईक मीच हं."

तर बायांनो, तुमचाही कागद असा कुठं अडला, तर रडत परत येऊ नका. देवाचं नाव घ्या, आवाज मऊ ठेवा, आणि बोलायचं ते मात्र बोलूनच या.