बकुळाचं घुंगरू

डोंगरापल्याडच्या चंदेरी राज्यात मूल जन्मलं, की राजवाड्यातून त्याच्यासाठी चांदीचं इवलंसं घुंगरू यायचं. त्यावर राजाची मोहोर असायची. घुंगरू मनगटावर रुणझुणलं, की ते मूल राज्याचं झालं.

बकुळाचं मनगट मात्र मुकं होतं. आई तिला घेऊन दूर देशाहून आली, वेशीबाहेर झोपडीत राहिली आणि गेल्या हिवाळ्यात तापाने गेली. आता बकुळा दिवसभर रानात बोरं वेचायची. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःलाच हाक मारायची, "बकुळे, जेवायला ये गं!"

एकदा दुपारी बाभळीच्या काट्यात तिला चिमुकली परी अडकलेली दिसली. मोरपंखी पंख, जुईच्या पाकळ्यांचा झगा! बकुळाने हलक्या हाताने पंख सोडवले.

"काय हवं तुला, बाळे?" परीने विचारलं.

"घुंगरू," बकुळा पुटपुटली.

परीने तिच्या तळहातावर झगमगता दवबिंदू ठेवला. "यात एकच इच्छा आहे. सूर्य मावळायच्या आत वेशीच्या दारात उभं राहून माग. मागितलेलं बदलता येणार नाही हं!"

बकुळा धावतच निघाली. वेशीत एक छोटी मुलगी हमसून हमसून रडत होती. तिचं नाव छबी. तिचं घुंगरू खंदकात पडलं होतं.

"घुंगराशिवाय आत सोडता येत नाही, बाळा," म्हातारा पहारेकरी कळवळून म्हणाला.

आकाश केशरी झालं होतं. रात्री वेशीबाहेर कसं वाटतं, ते बकुळाला ठाऊक होतं. तिने मूठ उघडली.

"हिचं घुंगरू हिला मिळू दे!"

दवबिंदू लखलखला. छबीच्या मनगटावर रुणझुण झाली आणि ती आत पळाली. बकुळाने ओला हात परकराला पुसला. तिला रडू आलं. ती झोपडीकडे वळली.

"ताई, थांब!" छबी आईला ओढत आणत होती.

आईने बकुळाचा हात धरला. "पहारेकरीदादा, हिची ओळख मी देते. ही माझ्या घरी राहील."

पहारेकऱ्याने कोनाड्यातून नवंकोरं घुंगरू काढलं. "एवढंच हवं होतं गं पोरी! कुणीतरी ओळख द्यायला हवी होती. आजवर कुणी आलंच नाही."

त्याने ते तिच्या मनगटावर बांधलं. तेवढ्यात तटावर मोरपंखी उजेड फुलला. त्यात परी हसली आणि उजेडातच विरून गेली.

खाली वेशीचं दार लागलं. बकुळा आत होती.